जुनिपरच्या फांद्या

हेल्टरमाच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते.
तिकीट, रांग, साखळी खाली,
गाड्या आत, साखळी वर,
सव्वा तास करडं पाणी,
पलीकडे पुन्हा साखळी.
आयव्हे म्हणते, आमचा कर्नल असाच
(पलटणीतला नव्हे, यंत्राच्या पोटातला):
एकेका बाइटला तिकीट फाडतो.
कुणी बुडत नाही हे खरं.
पण फेब्रुवारीत समुद्र थिजला
की बेटावरच्या माणसाचा रांगेत पाय ठरत नाही.

ताल्लिनला, तिसऱ्या मजल्यावर, तिचं कार्ड.
बर्फाखाली सोडलेले चौदा माइक
आणि सेकंदाला चाळीस लाख नमुने,
तडकण्याआधीचं कण्हणं ऐकायला.
फेरीबोटीनं आणावेत तर वाटेतच शिळे होतात.
मग तिनं कार्ड प्रोग्रामच्याच हाती दिलं.
मध्ये कुणी नाही.
वेग असा की ती खुर्चीतच हसली.

नवव्या रात्री प्रोग्राम मेला.
कार्डाला कुणी कळवलं नाही.
ते लिहीत राहिलं
दिलेल्या पत्त्यावर, इमानेइतबारे,
आणि त्या घरात तोवर दुसरं बिऱ्हाड आलेलं.
सकाळी तार्मोच्या पगाराच्या तक्त्यात
बर्फ कण्हत होता.
हजारो आकडे, एकही खोटा नाही,
फक्त सगळे परक्या घरात.

शनिवारी ती बापाकडे गेली.
एंडेल अकरा हिवाळे बर्फावरचा रस्ता राखतो.
गिरमिटानं भोक पाडतो, पट्टी बुडवतो,
बोटाचा अंगठा लावून वाचतो,
दोन्ही कडांना जुनिपरच्या फांद्या रोवत जातो.
त्यानं चहा ओतला आणि नियम सांगितले,
जणू ती परकी पोर आहे:
दोन गाड्यांत अडीचशे मीटर.
वेग पंचवीसच्या आत, नाहीतर चाळीसच्या वर,
मधल्या वेगानं बर्फाखाली लाट उठते.
पट्टा सोडून बसायचं.
थांबायचं नाही.

आणि फांद्यांबाहेर कुणी गेला तर?
तो म्हणाला, फांदी काही अडवत नाही गं,
फांदी फक्त सांगते.
अडवायला माणूस लागतो, काठावर, थंडीत.

मग, बऱ्याच वेळानं, त्या व्हॅनचं बोलला.
मधोमध बंद पडलेली. चालक चालत किनाऱ्याला गेला,
तिथून घरी, झोपला.
व्हॅन तिथेच, तिच्याखाली बर्फ बशीसारखा खचत.
इकडे लोक भोंगे वाजवतायत, रस्ता उघड म्हणून.
मी नाही उघडला.
आधी व्हॅन ओढून आणली, हातानं दार लावलं,
किल्ली खिशात टाकली,
मग पुढचा सोडला.

आयव्हेचा चहा निवला होता.

सोमवारी तिनं काठावर माणूस बसवला.
आता कार्ड जे पत्ते बोलतं ते त्याचे त्याच्यापुरते,
खरे कुठे पडतात ते तो माणूस जाणतो.
कार्डाला वाटतं जग सोळा पानांचं आहे,
आणि ती सोळा पानं कुणी उचलू नये
म्हणून टाचणीनं टोचलेली.
सतराव्याकडे हात गेला
की नोंदवहीत एक ओळ: नाकारलं.
ध्वनीचं जुनं कार्ड त्याच पुलामागे राहत होतं,
दोघं आपसात कुजबुजू शकत होते,
तेव्हा एकट्याला देता येईना. दोघांनाही दिलं,
नाइलाजानं, एकाच कुंपणात.
आणि प्रोग्राम मेला तर
आधी कार्डाचं दार लागतं,
मग पानं सुटतात,
मगच नवं बिऱ्हाड.
किती साधं. तिला स्वतःचाच राग आला.

पुढच्या शनिवारी ती गाडीनंच निघाली.
डावीकडे फांद्या, उजवीकडे फांद्या,
कमरेला पट्टा नाही,
काचेवर मिठासारखा हिमाचा चुरा.
अठराव्या मिनिटाला खालून एक आवाज आला,
लांबवर, दार ओढल्यासारखा.
ती थांबली नाही.

ताल्लिनमध्ये, रिकाम्या खोलीत,
चौथ्या पानावर, आपल्या जागी,
तिच्या गाडीचं वजन
कार्ड लिहून घेत होतं.